फोटोच्या पाठीवरचा मजकूर

रेवदंड्याच्या बाजारातून बंदराकडे वळलं की उजव्या हाताला ‘काश्मीर फोटो स्टुडिओ’ अशी निळी पाटी दिसायची. आत पाऊल टाकावं तर आधी अंधार, मग दोन भगभगते दिवे, आणि दिव्यांच्या पलीकडे एकदम काश्मीर! पडदाभर बर्फाचे डोंगर, खाली निळंशार तळं, काठाला चिनार, आणि तळ्यात एक शिकारा. पडदा दिनानाथ चौलकरांनी स्वतःच्या हातानं रंगवला होता. डोंगर अस्सल उतरले होते, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शिकाऱ्याचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. जन्म गेला खाडीच्या तोंडाशी, हाताला वळण इथल्याच होड्यांचं. त्यामुळे तो शिकारा नाळेपासून सुकाणूपर्यंत रेवदंड्याचाच झाला होता. फोटोला आलेली कोळीण हटकून विचारायची, “काका, तुमच्या त्या काश्मिरात आमच्या होऱ्या कोनी नेल्या?”

“गेल्या असतील वाऱ्यानं,” दिनानाथ म्हणायचे आणि काळ्या कापडाखाली डोकं घालायचे.

साठ सालच्या सुमाराला रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंत त्यांचं नाव होतं. पण नाव फोटोंपेक्षा फोटोंच्या मागच्या बाजूसाठी जास्त होतं. इतर फोटोवाले मागे शिक्का मारून मोकळे होत. दिनानाथ टोकदार पेन्सिल घेऊन बसत आणि पुठ्ठा भरेपर्यंत लिहीत. एका अकरा महिन्यांच्या पोराच्या फोटोमागे त्यांनी लिहिलं होतं : “चि. मोरू, वय अकरा महिने, प्रकृती ठणठणीत. रडत आहे ते टोपी पसंत नाही म्हणून; अन्य कारण नाही. आई शेजारी बसली आहे, तीही खुशाल. फोटोनंतर दोघेही चालत घरी गेले व पोहोचले.”

“पोहोचले हे तुम्हाला काय ठाऊक?” त्यांची बायको केसर विचारायची.

“खिडकीतून बघितलं.”

“अहो, एवढं कोण वाचतं?”

“ज्याला वाचायचं असतं तो वाचतो,” दिनानाथ म्हणायचे. डावा कान थोडा अधू, त्यामुळे पुढचा टोमणा त्यांना ऐकू यायचा नाही, किंवा यायचा आणि ते दाखवायचे नाहीत. सुखी माणूस होता तो.

एवढं सविस्तर लिहिणारा हा गृहस्थ एकेकाळी शब्दांचा महाकंजूष होता, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. पण होता. आणि त्या कंजुषीपायी एक धडधाकट माणूस त्यांच्या हातून मेला होता. निदान कागदोपत्री.

दिनानाथांनी सुरुवात केली ती अलिबागेत मुक्कामाला आलेल्या एका नाटक कंपनीत. पडदे रंगवायचे आणि नटांचे फोटो काढायचे. दुसऱ्या महायुद्धात कंपनीचा तंबू उठला, आणि सैन्याला छायाचित्रकार हवे आहेत असं कळल्यावर दिनानाथ मुंबईला जाऊन भरती झाले. ब्रह्मदेशचं जंगल पाहिलं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी पंजाबात होते. पाठोपाठ काश्मीर पेटलं, तसे विमानात बसून तिकडे गेले.

लढाईतल्या फोटोवाल्याचं काम मोठं विलक्षण. हल्ला चढवणाऱ्या तुकडीचा फोटो मागून काढावा तर दिसतात नुसत्या पाठी आणि पाठीवरचे पिट्टू. चेहरे हवे असतील तर तुकडीच्याही पुढे जावं लागतं आणि तिथे वळून उभं राहावं लागतं : तोंड आपल्या माणसांकडे, पाठ शत्रूकडे. दिनानाथांना ते नाटकातल्यासारखंच वाटायचं. समोरून पात्रं प्रवेश करताहेत, आपण त्यांच्याकडे बघतो आहोत, आणि पाठीमागच्या काळोखात कोण बसलंय ते दिसत नाही. फरक एवढाच, की इथे मागून टाळ्या येत नसत.

बाकी सगळी गंमत थंडीची. कॅमेरा कोटाच्या आत छातीशी धरून ठेवायचा, नाहीतर त्याची झडप आखडायची. रोल धुवायचं औषध गारठून जायचं, म्हणून बाटली काखेत घेऊन झोपायचं. ओढ्याच्या बर्फाळ पाण्यात फिल्म धुताना बोटं आपलीच आहेत की नाहीत ते चाचपून बघायचं. एका रोलवर बारा फोटो. तेरावा कितीही सुंदर समोर आला तरी डोळ्यांनीच काढायचा.

आणि प्रत्येक फोटोबरोबर बोटाएवढी कागदाची पट्टी जोडायची. त्यांच्या तुकडीचे कॅप्टनसाहेब बंगाली होते, फार गोड माणूस, पण शब्दांच्या बाबतीत कर्दनकाळ. “चौलकर, कोण, कुठे, कधी. बस्स. बाकी फोटो बोलेल.” त्या शिकवणीत दिनानाथ असे तयार झाले की त्यांच्या पट्ट्या तारेलाही लाजवीत. ‘पूल. सकाळ. उडवला.’ ‘खेचर. दमलं.’ केसरला पाठवलेल्या पत्रातही तेच : ‘थंडी. बरा आहे. दिना.’ केसर ते पत्र उलटसुलट करून बाकीचा मजकूर शोधायची.

अट्ठेचाळीसच्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका खिंडीजवळ मराठा पलटणीची तुकडी दगडी गडग्याच्या आडोशाला बसली होती. थोड्या वेळानं वरच्या चौकीवर जायचं होतं. दिनानाथ कॅमेरा छातीशी धरून जागा शोधत होते. तेवढ्यात पायाखालचा दगड निसटला आणि तोंडातून गावाकडची एक खणखणीत शिवी बाहेर पडली.

गडग्याला टेकलेला एक शिपाई खुदकन हसला. “कुटला रं तू?”

“रेवदंड्याचा.”

“आरं तिच्या! मंग शेजारचाच की. मी तळवलीचा. रोह्याच्या वर. नामा बाबाजी.” त्यानं सरकून जागा केली. विशीबाविशीतला उंच पोरगा, ओठावर झुपकेदार मिशी, बोटांत बिडी. “दादा, माजा येक फोटू काढ ना. सगुनेला धाडू. लगीन झाल्याव चारच महिन्यांनी निगालो. तोंड इसरली आसंल माजं.”

नियम कडक होता. सरकारी फिल्म सरकारी कामाला. दिनानाथांच्या रोलवर एकच फोटो उरला होता आणि तो चौकीसाठी राखलेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कॅमेरा बाहेर काढला आणि म्हणाले, “हलू नको.”

बर्फावरून उसळलेलं ऊन नेमकं त्याच क्षणी नामाच्या डोळ्यांत गेलं आणि त्यानं डोळे मिटले. झडप पडली. रोल संपला.

“झ्याक आला ना?”

“एक नंबर,” दिनानाथ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नामानं घरचा पत्ता सांगितला, बिडी विझवली, बंदूक उचलली. “येतो हां दादा,” असं म्हणून तो इतरांबरोबर वरच्या चौकीवर गेला.

चार दिवसांनी दिनानाथांनी छोटासा फोटो छापला. पाठीवर काय लिहावं? नामा दिलेल्या दिवशी, ठरल्या वेळी, कामगिरीवर गेला. हात सवयीनं चालला आणि तीन शब्द उमटले : “नामा सकाळी गेला.” खाली तारीख. त्याखाली ‘दि. चौलकर, रेवदंडा’. पाकीट टपालात टाकलं आणि एक सत्कृत्य केल्याच्या आनंदात ते दुसऱ्या कामाला लागले.

पुढे त्या चौकीची बदली झाली, तुकड्या पांगल्या. पावसाळ्याच्या शेवटी जवळच तोफेचा गोळा फुटून दिनानाथांचा डावा कान गेला आणि सैन्यानं त्यांना मानानं घरी पाठवलं. त्यांनी पाटी रंगवली, पडदा रंगवला, दुकान थाटलं. शेजारी अलीमियाँ सुपारीवाल्यांची वखार होती. पहिला फोटो त्यांचाच निघाला, छाती पुढे काढून, बर्फाच्या डोंगरांसमोर. अलीमियाँ म्हणाले, “दिनू, जन्मात कधी नेरळच्या पुढे गेलो नाही. आता नातवंडांना सांगीन, काश्मीर बघून आलो.”

एकोणपन्नासच्या जानेवारीत, भरतीच्या पाण्याबरोबर रोह्याकडून आलेल्या मचव्यातून एक म्हातारा आणि एक तरुण बाई उतरली. विचारत विचारत दोघं स्टुडिओत आली. बाईचं कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते.

म्हाताऱ्यानं फडक्याची घडी उलगडली. “ह्यो फोटू मोठा करून पायजे. हार घालायाचा हाय. वरीसश्राद्ध आलं म्हयन्यावर.”

दिनानाथांनी फोटो हातात घेतला. गडगा ओळखीचा वाटला. मिशी ओळखीची वाटली. “अरे, हा तर नामा!” ते हरखून म्हणाले. आणि मग शब्द कानात, उरलेल्या एका कानात, शिरले. “श्राद्ध? कधी... कसं झालं हो?”

“आमाला काय इचारता?” म्हातारा चकित होऊन म्हणाला. हा नामाचा बाप, बाबाजी. “तुमीच तर कळीवलं.”

“मी?”

“मागं बगा.”

दिनानाथांनी फोटो उलटला. स्वतःचं अक्षर. “नामा सकाळी गेला.”

रंगमंचावर एखाद्या नटाला भर प्रवेशात पुढचं वाक्य आठवेनासं व्हावं, तसे ते उभे राहिले. मग हळूहळू सगळं उमगलं. पाकीट गावात आलं. शाळेच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. फोटोत नामा भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेला. त्या काळी खेड्यात कुणाचा फोटो निघायचा तोच मुळी गेल्यावर, टेकवून बसवून. कुणाला शंका कशी यावी? घरात आकांत झाला. देह नव्हता, म्हणून रोह्याहून जोशीबुवांना बोलावून पळसाच्या देठांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. तेरावं झालं. नामाच्या पगारातली मनीऑर्डर बाबाजीच्या नावावर येत राहिली. ती, लढाईत गेलेल्याच्या बापाला सरकार देतंच, असं वाडीनं ठरवून टाकलं.

“बाबा,” दिनानाथ म्हणाले, “मी लिहिलं ‘गेला’ म्हणजे चौकीवर गेला. ड्युटीवर. चालत गेला हो! मला ‘येतो’ म्हणून गेला!”

 ती बाई पुढे झाली. ती सगुणा.  म्हणाली, “मना वाटलंच व्हतं.”

“काय वाटलं होतं?”

“त्येच्या बोटात कायतरी हाय. बिडी हाय. मेलेल्याच्या हातात बिडी कोन ठेवंल?”

दिनानाथांनी धावत जाऊन भिंग आणलं आणि तिच्या हातात दिलं. सगुणेनं फोटोवर भिंग धरलं. बोटांमधून वर निघालेली धुराची पांढरी रेघ तिला दिसली. बारीक, वाकडी, पण धुराचीच. 

“पेटलेली हाय,” ती हळूच म्हणाली.

“पोरी,” बाबाजी म्हणाला, “त्या दिशी पेटलेली व्हती. त्याला वरीस झालं. पुढचं कोनाला म्हाईत?”

खरंच होतं. दिनानाथांनाही पुढचं माहीत नव्हतं. त्या चौकीवरून किती परतले होते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही हा त्यांचा लढाईतला रिवाज होता. आणि घड्याळ चालू होतं. श्राद्ध झालं की सगुणेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचा, असं ठरलं होतं. पलीकडच्या वाडीतला धर्माजी, बायको वारलेला, भला माणूस. बाबाजीनं त्याला शब्द दिला होता.

“मंग ह्ये काय हाय ते तरी वाचा,” सगुणा म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून तिनं चार घड्यांचा एक कागद काढला. “ज्येष्ठात आला. मास्तरांना वाचता येईना. म्हन्ले, सरकारी दुखवटा आसंल, जपून ठेव.”

कागदावर उर्दू होती. दिनानाथ शेजारच्या वखारीत शिरले आणि हिशेबाच्या गादीवरून अलीमियाँना दंडाला धरून उठवून घेऊन आले.

अलीमियाँनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला लागले. पहिल्याच ओळीवर त्यांनी मान वर केली. “हे कुणाचं पत्र?”

“वाचा ना हो!”

“अरे लिहितोय, मैं ख़ैरियत से हूँ. मी बरा आहे. उजव्या हाताला गोळी लागली, इस्पितळात आहे, म्हणून हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या पंजाबी दोस्ताकडून लिहवून घेतोय. बाबांना सलाम... म्हणजे नमस्कार. सगुणा बेगम को...” अलीमियाँ थबकले. “बेगम त्या पंजाब्यानं घातलं असणार. सगुणेला म्हणावं, म्हशीला पेंड कमी घालू नको. जवाब जरूर देना. तारीख चार जून.”

फेब्रुवारीत गेलेला माणूस जूनमध्ये म्हशीची काळजी करत होता!

बाबाजी रडत होता. अलीमियाँ नाक पुसत म्हणाले, “बेटी, सात महिने हे कमरेला बांधून फिरत होतीस?”

“मेलेल्याचा कागद म्हनून बांधला व्हता, चाचा,” सगुणा म्हणाली. “जित्याचा निगाला.”

जूननंतर मात्र काहीच नव्हतं. एकही पत्र नाही. ते का, हे फक्त सैन्यच सांगू शकलं असतं. दिनानाथ तडक टपाल कचेरीत गेले आणि आपल्या जुन्या कॅप्टनसाहेबांना तार लिहायला बसले. नामाचं नाव, बापाचं नाव, पलटण, खिंड, गोळी, इस्पितळ, घरी झालेला गैरसमज, त्याचं कारण, कारणाचं कारण, आणि शेवटी : ‘जिवंत असल्यास जिवंत असे स्पष्ट लिहावे, आहे किंवा गेला असे लिहू नये.’

पोस्टमास्तरांनी कागद वाचला. “चौलकर, ही तार आहे. कीर्तन नाही.”

“एक शब्द कापायचा नाही.”

“निम्म्यात भागेल.”

“निम्म्यात भागवलं म्हणूनच माणूस मेला! पाठवा!”

त्यानंतरचे दिवस दिनानाथांनी लढाईतही काढले नव्हते असे काढले. तिथे पाठीमागे काय आहे ते दिसत नसे, आणि न दिसण्याची सवय होती. इथे डोळ्यांसमोर ती धुराची रेघ सारखी दिसायची. केसर ताट वाढायची, तसंच उचलायची. अखेर नवव्या दिवशी पोस्टमास्तर स्वतः चालत आले. तार कॅप्टनसाहेबांचीच होती, आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा शब्दांची उधळण केली होती : शिपाई नामा बाबाजी जिवंत, निरोगी, पठाणकोटच्या डेपोत, रजा मंजूर, निघतो आहे, पुन्हा सांगतो, जिवंत.

दिनानाथांनी ती तीनदा वाचून घेतली. मग अलीमियाँना बरोबर घेऊन भरतीच्या पाण्यावर तळवलीला जाऊन वाडीभर वाचून दाखवली.

मार्च लागता लागता मुंबईची आगबोट रेवदंड्याला लागली आणि तिच्यातून उतरलेला एक मिशीवाला शिपाई ट्रंक खांद्यावर घेऊन तडक निळ्या पाटीखाली आला. डेपोतल्या साहेबानं त्याला सगळी हकीकत सांगितली होती.

“माजं तेरावं जेवलास काय रं?” दारातूनच त्यानं गर्जना केली.

दिनानाथ काळ्या कापडाखालून बाहेर आले. 

“मी तिकडं पत्राची वाट बगतोय. येक धाडलं, जवाब न्हाय. म्हयनं गेलं, जवाब न्हाय. म्हन्लं, घरचे इसरले तर मी बी इसरलो. रागानं रजाच घेतली न्हाय. आन् हितं तू माज्या नावानं पिंड पाडलेस व्हय?”

“नामा, मार मला. खुशाल मार. उजव्या हातानं मार.”

“उजवा आजून नीट वळत न्हाय,” नामा म्हणाला. त्याचं लक्ष एव्हाना पडद्याकडे गेलं होतं. तो जवळ गेला, डोंगरांवरून बोट फिरवलं. “ही आपलीच खिंड ना?” मग खाली बघून, “ही होडी कुटली?”

“शिकारा आहे.”

“ह्यो? शिकारा?” नामा जो हसत सुटला, तो आतून केसर धावत येईपर्यंत थांबेना. तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मचव्यात बसून रोह्याकडे निघाले. कॅमेरा दिनानाथांच्या मांडीवर होता.

तळवलीत खरी पंचाईत पुढेच होती. वाडीच्या शिवेवर आंब्याखाली सगळे जमले होते आणि जोशीबुवा हात आडवा करून उभे होते.

“घरात पाऊल टाकायचं नाही. याचं दहन झालंय. शास्त्राप्रमाणे हा मनुष्य नाहीच.”

“मंग मी कोन हाय?” नामानं विचारलं.

“तेच तर ठरवायचंय. पोथीत उपाय आहे. याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. बारसं व्हायला हवं. आणि पुढे... लग्न झालेलं उरलं नाही. बायकोशी पुन्हा लग्न. पण तिची तयारी असेल तर. ती आज मोकळी आहे. धर्माजीला शब्द दिलेला आहे.”

 सगुणा लांब, पडवीच्या खांबाशी उभी होती. जन्म होईपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नव्हतं. तेव्हा निरोपाला मधे कोण? सगळ्यांच्या नजरा दिनानाथांकडे वळल्या. नाटकात दूताचं काम कधी मिळालं नव्हतं, ते असं मिळालं.

“दादा, तिला इचार, म्हस व्याली का?”

दिनानाथ अंगण ओलांडून गेले आणि परत आले. “व्याली. रेडी झाली. चांगली आहे. दूध भरपूर देते. म्हणजे म्हैस. रेडी नव्हे.”

“तिला इचार...” नामाची नजर खाली गेली, “धर्माजीला तिनं व्हकार दिलता का?”

दिनानाथ पुन्हा गेले.  सगुणेनं प्रश्न ऐकला, मान वर केली आणि निरोप्याच्या हाती न देता साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “त्येला सांगा, फोटूला हार चढल्याबिगर कसला व्हकार! आजून फोटू मोठा झाला न्हवता!”

हशा उसळला. गर्दीतून एक धिप्पाड माणूस पुढे आला. तो धर्माजी. त्यानं जोशीबुवांना हात जोडले. “माजा शब्द मी मागं घेतला. जित्याची बायको मी कशी करू? आता ह्येला जलमाला घाला लौकर. उपाशी आलोय.”

“पण ‘गेला’ कुणी लिहिलं, त्याचं काय?” वाडीच्या पंचांतला एक जण म्हणाला.

दिनानाथ पुढे झाले. आजवर शत्रूकडे पाठ करून उभे राहिले होते. आज तोंड करून उभे राहिले. “मी लिहिलं. चूक माझी. काय दंड कराल तो कबूल.”

पंचांनी डोकी एकत्र केली. दंड ठरला : लग्नाचा फोटो, आणि अख्ख्या वाडीचा फोटो, म्हशीसकट.

भात उकडायचं सगळ्यात मोठं भांडं अंगणात आणलं, त्यात कोमट पाणी आणि पळीभर तूप घातलं. काश्मिरात लढून आलेला तो सहा फुटी शिपाई, मुठी वळून, गुडघे हनुवटीला लावून आत बसला. मिशा तेवढ्या वर राहिल्या. जोशीबुवांनी मंत्र म्हटले आणि म्हणाले, “आता बाहेर ये. आणि मूल रडायला हवं.”

नामा बाहेर आला. पाणी निथळत उभा राहिला. “ट्यां,” तो म्हणाला.

“मोठ्यानं.”

“ट्यां!!” खिंडीत ऐकू गेलं असतं. बाबाजी हसता हसता खरोखर रडायला लागला, आणि ते बघून नामाच्या डोळ्यांतही पाणी आलं. जोशीबुवा समाधानानं म्हणाले, “झालं. रडलं मूल.”

आत्या गोदूबाईंनी त्याच्या कानात कुर्र केलं. एवढ्या उंच कानापर्यंत पोहोचायला त्यांना पाट द्यावा लागला. नाव काय ठेवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “नामाच. पैल्याच्या नावात आजून बराच वापर बाकी हाय.”

तिसऱ्या दिवशी, रविवारी, लग्न लागलं. पहिल्या लग्नात सगुणा तेरा-चौदाची, मुंडावळ्यांच्या आड काही न दिसलेली. या वेळी तिनं मान वर करून नवरा बघून घेतला. धर्माजीनं पंगतीत तीन वेळा भात मागून घेतला. शिमगा आठवड्यावर आला होता. पोरांनी ढोल आधीच बाहेर काढला.

दिनानाथांनी कॅमेरा तिपाईवर ठेवला. नवरा-नवरी आंब्याखाली बसली. नामाच्या बोटांत बिडी होती. सगुणेनंच ती पेटवून घ्यायला लावली होती. “डोळे उघडे ठेव,” दिनानाथ कापडाखालून ओरडले, “ह्या वेळी मिटलेस तर मी जीव देईन!” नामानं डोळे असे वटारले की फोटोत तो कुणावर तरी चाल करून निघालाय असं दिसतं.

पंधरा दिवसांनी छापलेला फोटो घेऊन दिनानाथ स्वतः तळवलीला आले. पडवीत बसले. सगुणेनं फोटो हातात घेतला, समोरून पाहिला, मग उलटला. मागची बाजू कोरी होती.

“लिवा की,” ती म्हणाली.

“लिहू?” दिनानाथांनी विचारलं. 

“लिवा. पन समदं लिवा.”

त्यांनी पेन्सिल काढली, तिचं टोक ओलं केलं आणि मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहायला लागले : “दिनांक ६ मार्च १९४९, रविवार, सकाळी अकरा. स्थळ तळवली, आंब्याखाली. डावीकडे शिपाई नामा बाबाजी, जिवंत, धडधाकट, डोळे उघडे. बोटांत बिडी, पेटलेली. उजवीकडे त्याची पत्नी सगुणा, पूर्वीही तीच, तीही खुशाल. फोटोनंतर नामा जेवायला गेला, म्हणजे उठून, स्वतःच्या पायांनी, पंगतीत जाऊन बसला, आणि दोनदा वाढून घेऊन परत आला...”

आत चुलीवर तांदळाच्या भाकरी फुगत होत्या. नामा चौथ्यांदा डोकावून गेला. पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत मजकूर आला, तसं दिनानाथांनी अक्षर बारीक केलं आणि कडेनं उभं लिहायला घेतलं.

“अवो दादा,” सगुणा भाकरी उलटत म्हणाली, “त्यो जिता हाय ह्ये मना पटलं. आता जेवाया उठा.”

“एक ओळ,” दिनानाथ म्हणाले आणि पेन्सिलीला पुन्हा टोक काढायला लागले.